निराधारचा पगार : कागद आधी, अर्ज शेवटी

सरकार निराधारांना दर महिन्याला देतं त्या पैशांना आमच्याकडे कुणी अनुदान म्हणत नाही. ‘पगार’ म्हणतात. “बाई, माझा पगार पडला का बघा की,” असं म्हणत पिशवीतून पासबुक काढणारी म्हातारी आयुष्यात कधी नोकरीवर गेलेली नसते, पण महिन्याच्या पंधराशे रुपयांना तिच्या लेखी दुसरा शब्द नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ही लांबलचक नावं तहसीलच्या फलकावर राहतात.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर शेजारच्या एका विधवा बाईचा अर्ज भरून दिला. तो त्रुटीत निघून परत आला. तिच्याबरोबर तहसीलचे हेलपाटे घालताना आणखी चार जणी भेटल्या आणि तेव्हापासून आमच्या ओसरीवर हे काम सुरूच आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. गरजू माणसाचा अर्ज पात्रतेवर क्वचित अडतो. तो अडतो नावातल्या एका अक्षरावर, न घेतलेल्या पोचपावतीवर, भलत्याच बँकेतल्या खात्यावर. लोक आधी फॉर्म आणतात आणि मग कागद गोळा करत फिरतात. मी उलटं करते. फॉर्मला सगळ्यात शेवटी हात लावते. खाली तोच क्रम दिला आहे.

आपण कुठल्या योजनेत बसतो

पहिला प्रश्न वयाचा. ६५ च्या आत असाल तर संजय गांधी योजना, ६५ पूर्ण असतील तर श्रावणबाळ. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा गोंधळ संपतो.

संजय गांधी योजना १९८० सालची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. १८ ते ६५ वयोगटातले निराधार, असं तिचं सूत्र. अनाथ मुलं मात्र १८ च्या आतली. त्यात विधवा येतात, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेले येतात, आणि क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स, सिकलसेल अशा आजारांनी कमाई थांबलेले लोक येतात. घटस्फोट होऊनही पोटगी न मिळणारी, घटस्फोटाचा खटला सुरू असलेली, अत्याचारित, वेश्याव्यवसायातून बाहेर पडलेली स्त्री, देवदासी, तृतीयपंथी, ३५ वर्षांवरची अविवाहित स्त्री, शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची बायको, हेही त्यात आहेत. ही यादी मी मुद्दाम पूर्ण लिहिली. गावात या योजनेला ‘विधवांचा पगार’ समजतात आणि घरात पस्तिशी ओलांडलेली अविवाहित बहीण असलेला भाऊ कधी चौकशीलाच जात नाही.

दुसरा प्रश्न दारिद्र्यरेषेच्या यादीचा. यादीत नाव असेल तर केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ, विधवा किंवा दिव्यांग निवृत्तिवेतन योजनाही लागू होते. विधवेसाठी तिथे वय ४० च्या पुढे हवं आणि दिव्यांगासाठी ८० टक्के दिव्यांगत्व हवं. केंद्राचा वाटा वृद्धांना २०० रुपये, ८० वय झाल्यावर ५००, विधवा आणि दिव्यांगांना ३००. बाकीची भर राज्य घालतं. हिशोब सरकारचा, लाभार्थ्याच्या हातात जुलै २०२३ पासून एकूण १५०० रुपयेच पडतात. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २५००.

दारिद्र्यरेषेची ही यादी गावाकडे अजून २००२ च्या सर्वेक्षणाची धरतात. म्हणजे त्या वर्षी ज्याचं बरं चाललं होतं आणि नंतर ज्याचं घर बसलं, तो यादीत नाही. यादीत नाव नसलं म्हणून अर्ज करता येत नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. यादीत नसलेल्यांसाठी उत्पन्नाचा दाखला चालतो. मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची, २१,००० रुपये. दिव्यांगांसाठी ५०,०००.

या २१ हजारांवर जरा थांबते, कारण माझा सगळ्यात जास्त जीव इथे जळतो. २१,००० भागिले १२, महिन्याला १७५० रुपये. सरकारच्याच रोजगार हमीवर २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. म्हणजे एका कुटुंबाने तेव्हा कायद्याने दिलेले पुरे शंभर दिवस माती उपसली तर ३१,२०० रुपये होत आणि ते कुटुंब ‘निराधार’च्या मर्यादेबाहेर जाई. एका खात्याने हमी दिलेलं काम केलं की दुसऱ्या खात्याच्या लेखी तुम्ही गरीब उरत नाही! लाडकी बहीण योजनेतही महिन्याला १५०० च मिळतात, तिथली मर्यादा अडीच लाखांची. पैसा तोच, राज्य तेच, मर्यादेत बारा पटींचा फरक. वर्षाचा निराधार पगारच १८,००० होतो, आणि तो घ्यायला माणूस २१,००० च्या आत हवा. रक्कम ६०० वरून १००० झाली, १००० वरून १५०० झाली, मर्यादा जागची हलली नाही.

निराधार आणि लाडकी बहीण हे दोन्ही लाभ एकत्र घेता येत नाहीत, तेही इथेच सांगून टाकते. ज्या बाईला दुसऱ्या शासकीय योजनेतून १५०० किंवा जास्त मिळतात ती लाडक्या बहिणीत बसत नाही. ‘दोन्ही भरून ठेवा, काही होत नाही’ असं सांगणारे भेटतील. आधार एकच असल्याने ते उघड होतंच, आणि मग कुठला तरी एक पगार मध्येच थांबतो.

आणखी एक अट आहे, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य. सीमेवरच्या तालुक्यांत कर्नाटक-तेलंगणातून लग्न होऊन आलेल्या बाया इथे अडतात. लग्नाला वीस वर्षं झाली तरी इकडचा पुरावा पाच वर्षांपूर्वीच्या मतदार ओळखपत्राचा असतो. अशा वेळी मी मुलांच्या शाळेचा दाखला शोधायला सांगते. थोरला मुलगा इथल्या शाळेत पहिलीत कधी बसला, ते शाळेच्या नोंदवहीत असतं. तलाठ्याला तेवढा आधार पुरतो.

पहिलं काम बँकेत

अर्ज मंजूर झाल्यावर खातं देऊ, असं म्हणू नका. डिसेंबर २०२४ पासून हे पैसे थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे डीबीटीने, आधार क्रमांकावरून जातात. अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. हा फरक नीट समजून घ्या, कारण तो बँकेतल्या माणसालाही कधी कधी सांगता येत नाही.

खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि त्या खात्यावर डीबीटी येण्यासाठी आधार ‘सीड’ असणं वेगळं. लिंक चार खात्यांना असू शकतं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असतं, आणि जे शेवटी केलं ते लागू होतं.

आमच्या गल्लीतल्या एका बाईचा पगार मंजूर होऊन सात महिने झाले होते. पत्र हातात, पासबुक कोरं. बँकेत गेलो, तर काउंटरवरून उत्तर आलं, “आधार जोडलेलं आहे, तहसीलला विचारा.” तहसीलमध्ये गेलो, “इकडून पैसे गेलेत, बँकेला विचारा.” तिसऱ्या खेपेला मी तिच्या भाच्याला मोबाईल घेऊन बसवलं, माय आधारच्या संकेतस्थळावर तिचा आधार क्रमांक घातला, ओटीपी आला, आणि ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये भलत्याच बँकेचं नाव निघालं. बाईने कपाळाला हात लावला. बाजारात सिमकार्ड घेताना दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता. एक सिमचा, दुसरा खात्याचा! त्या न पाहिलेल्या खात्यात साडेदहा हजार रुपये सुखरूप पडून होते.

तेव्हापासून माझ्या ओसरीवर आलेल्या प्रत्येकाचं सीडिंग आधी तपासते. मोबाईल नंबर आधारला जोडलेला नसेल तर ते काम त्याच्याही आधी. सीडिंग चुकीचं निघालं तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथे जा, ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’चा संमती फॉर्म मागा, आधीच्या बँकेचं नाव त्यात लिहा आणि बँकेच्या शिक्क्याची पोच घ्या. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासा.

खातं एकट्याचं असावं. मुलाबरोबरचं जोडखातं टाळा. पुढच्या भांडणांचं मूळ तिथेच असतं. जनधनचं शून्य शिल्लक खातं चालतं. खातं बरीच वर्षं वापरात नसेल तर केवायसी करून जागं करून घ्या.

नावं जुळवणं

एक कोरा कागद घ्या. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मतदार ओळखपत्र, पतीचा मृत्यू दाखला, जे असेल ते समोर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव जसंच्या तसं एकाखाली एक लिहा. काना-मात्रेसकट. इथे जे दिसतं ते बघण्यासारखं असतं. आधारवर ‘पारूबाई’, रेशनकार्डावर ‘पार्वती’, पासबुकात मधलं नाव वडिलांचं, मृत्यू दाखल्यात नवऱ्याचं नाव ‘भाऊराव’ आणि बाकी सगळीकडे ‘भाऊसाहेब’. गावात सगळ्यांना ठाऊक असतं की माणूस एकच. कागदाला ठाऊक नसतं.

मी आधार हा पाया धरते, कारण पैसे त्याच्यावरून फिरतात. आधारवरचं नाव बरोबर असेल तर बाकीचे कागद त्याला जुळवायचे. आधारच चुकलं असेल तर ते आधी दुरुस्त करायचं. पण जपून. आधारवर नाव फक्त दोनदा बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. केंद्रावरच्या पोराला तोंडी सांगू नका. मराठी आणि इंग्रजी दोन्ही स्पेलिंग कागदावर लिहून न्या, आणि सही करण्याआधी पडद्यावर काय उमटलंय ते कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. लग्नानंतरचं नाव लावायला विवाह नोंदणी दाखला नसेल, आणि जुन्या बायांकडे तो नसतोच, तर आधारच्या ठरावीक नमुन्यातला राजपत्रित अधिकाऱ्याचा सही-शिक्क्याचा दाखला घेऊन जा.

एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरतं. सगळ्यांनाच राजपत्रात नाव बदलायला पाठवणारे एजंट असतात. त्यांच्या नादी लागू नका.

वय, मृत्यू, आजार : ज्याचा त्याचा पुरावा

वयाचा पुरावा श्रावणबाळसाठी कळीचा. आधारवर बहुतेक म्हाताऱ्यांची जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण नोंदणीच्या दिवशी अंदाजाने साल टाकलेलं असतं. तो अंदाज चार वर्षांनी चुकला की कागदावर एकसष्टचा दिसणारा माणूस प्रत्यक्षात पासष्टचा असतो आणि चार वर्षांचा पगार जातो. शाळा सोडल्याचा दाखला असेल तर प्रश्नच नाही. निरक्षर माणसासाठी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. खासगी डॉक्टरचा चालत नाही. जुन्या मतदार यादीतला उताराही कामाला येतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या यादीत वय लिहिलेलं असतं, ती बेरीज बोलकी असते.

विधवेला पतीचा मृत्यू दाखला लागतो आणि गुंता इथेच सगळ्यात मोठा असतो. आमच्याकडून माणसं ऊसतोडीला जातात. मृत्यू कारखान्याच्या तळावर होतो, मातीही कधी तिकडेच होते आणि नोंद कुठेच नसते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते, आपल्या गावात नाही. २१ दिवसांच्या आत फुकट होते, त्यानंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं की आदेश लागतो. पूर्वी त्यासाठी न्यायालयात जावं लागे. कायद्यातल्या दुरुस्तीनंतर, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, हा आदेश जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. त्यासाठी आधी तिथल्या ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्यायचा, दवाखान्याचे कागद किंवा पोलीस पाटलाचा दाखला जोडायचा. दोन-तीन महिने जातात. जमत असेल तर हे काम मुकादमाच्या गळ्यात घाला. तोच दरवर्षी तिकडे जातो.

पती वारला त्या वेळी १८ ते ५९ वयाचा आणि घरातला कमावता होता, आणि कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये वेगळे मिळतात. त्याच तहसीलमध्ये, त्याच टेबलावर अर्ज. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आता वैश्विक ओळखपत्राच्या, म्हणजे यूडीआयडीच्या, पद्धतीने मिळतं. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. जुनं हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र असेल तर ते आधी नव्यात बदलून घ्या. आजारासाठी शासकीय रुग्णालयाचा दाखला हवा.

टाकलेल्या बाईचं काय? हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. नवऱ्याने टाकली आहे, दुसरी केली आहे, पण कोर्टात काहीच नाही. अशी बाई विधवाही नाही आणि घटस्फोटितही नाही, मध्येच लोंबकळते. योजनेला घटस्फोटाचा निकाल किंवा खटला सुरू असल्याचा कागद हवा असतो. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो. घटस्फोटाचा अर्ज तिथून दाखल करायचा आणि त्याची प्रत इकडे जोडायची. बायकांना कोर्टाची भीती वाटते. मी पहिल्या दिवशी बरोबर जाते. दुसऱ्या तारखेला त्या आपल्या आपण जातात.

उत्पन्नाचा दाखला

तलाठ्याकडे (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात अजून तलाठीच) चौकशीचा अहवाल, मग सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून तहसीलदारांचा दाखला. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. म्हणून फेब्रुवारीत काढू नका, एप्रिलमध्ये काढा, वर्षभर पुरेल. दाखल्यासाठी द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. “पाचशेचा बाँड आणा” असं कुणी म्हणालं तर कुठल्या आदेशाने, ते शांतपणे विचारायचं.

रेशनकार्डावर कमावत्या मुलाचं नाव असलं की चौकशीत त्याच्या कमाईचा प्रश्न हमखास निघतो. म्हातारा-म्हातारी खरोखर वेगळी राहत असतील, चूल वेगळी असेल, तर रेशनकार्ड आधी विभक्त करून घ्या. पण कार्ड अंत्योदयचं आहे का ते बघा! अंत्योदयचं ३५ किलो धान्य कार्डामागे असतं, माणसामागे नाही. फोड केली की एका चुलीचं ३५ किलो जातं. पंधराशेच्या नादात घरातलं धान्य घालवलेली दोन घरं मला माहीत आहेत.

उत्पन्न कमी दाखवा, असं मी कुणाला सांगत नाही. तलाठ्याला मात्र माणूस कसा जगतो ते नेमकं सांगा. महिन्यात मजुरीचे दिवस किती, शेत किती आणि कोरडवाहू की बागायत, औषधाला किती जातात. सातबाऱ्यावर दोन एकर दिसलं की तलाठी हाताने मोठा आकडा टाकून मोकळा होतो. ती जमीन पड आहे, हे बोलल्याशिवाय त्याला कसं कळणार?

आता अर्ज

फॉर्म तहसीलच्या संजय गांधी शाखेत मिळतो. फॉर्मला पैसे नाहीत. आपले सरकारवरून ऑनलाइनही भरता येतो. केंद्रावर दर फलकाप्रमाणे सेवा शुल्क द्या आणि पावती घ्या. एकदा आमच्या तालुक्याच्या गावी एकाने ‘मंजुरीसकट’ अडीच हजार मागितले होते. मी विचारलं, मंजुरी समितीत होते की तुमच्या दुकानात? त्यावर तो हसला, पण फॉर्म नेहमीच्या दरात भरून दिला.

सोबत काय जोडायचं : आधार, रेशनकार्ड, वास्तव्याचा दाखला, वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीतला ग्रामसेवकाच्या सहीचा उतारा, आपल्या प्रवर्गाचा पुरावा (मृत्यू दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, कोर्टाचा कागद, जे लागू असेल ते), पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, फोटो, स्वयंघोषणापत्र. मूळ कागद एकही देऊ नका, दाखवायला मात्र बरोबर न्या. प्रत्येक झेरॉक्सवर अर्जदाराची सही किंवा अंगठा. सगळ्या पानांना वरच्या कोपऱ्यात क्रमांक घाला आणि शेवटच्या पानाचा आकडा अर्जावर लिहा, ‘सोबत १ ते ११’. ही माझी शाळेतली खोड. पण त्यामुळे गठ्ठ्यातून पान गळालं तर कुठलं गळालं ते सांगता येतं.

अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. “ठेवा इथं, बघतो” या वाक्यावर विश्वास ठेवून मी पहिल्या वर्षी तीन अर्ज गमावले. कुणी मुद्दाम फाडले नसतील. कपाटाच्या मागे गेले असतील. पण आवक क्रमांक नसला की तो अर्ज कधी आलाच नव्हता.

चौकशी आणि समिती

तलाठी घरी येऊन किंवा चावडीवर बोलावून चौकशी करतो, अहवाल तहसीलला जातो आणि मग प्रकरण तालुका समितीपुढे येतं. समितीचे अध्यक्ष अशासकीय, तहसीलदार सचिव. बैठक कधी लागते त्यावर सगळं अवलंबून. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पुढे ढकलली जाते, म्हणून निवडणुकीच्या वर्षात लवकर हालचाल करा.

महिन्यातून एकदा आवक क्रमांक घेऊन शाखेत विचारा, प्रकरण कुठे आहे : तलाठ्याकडे, शाखेत, की समितीच्या यादीत. तीनपैकी एक उत्तर मिळतंच. त्रुटीत काढलं असेल तर त्रुटी लेखी मागा. तोंडी त्रुटी दर खेपेला नवी निघते.

लेखी काही मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. प्रश्न तीनच : माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, तो सध्या कुणाकडे आहे, नामंजूर असल्यास कारण काय. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. माझा अनुभव असा की उत्तर येण्याच्या आधी बऱ्याचदा अर्जच पुढे सरकतो. लोकशाही दिन म्हणजे साहेबांपुढे तक्रार मांडायचा दिवस. तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. आधी तालुक्याला जा, तिथे झालं नाही तर ती पावती घेऊन जिल्ह्याला. महसूल खात्याच्या महाराजस्व अभियानाच्या शिबिरात मंडप असतो, साहेब असतात, कागद पूर्ण असतील तर काम पटकन होतं.

पगार बंद पडला तर

घाबरू नका आणि नवा अर्जही भरू नका. नवा अर्ज भरला की एकाच आधारवर दोन नोंदी होतात आणि दोन्ही अडकतात. मी या क्रमाने बघते.

आधी पासबुक भरून घेते. कित्येकदा दोन-तीन महिन्यांचे एकदम पडलेले असतात. उशीर म्हणजे बंद नव्हे. मग सीडिंग, वर सांगितलं तसं. मग शाखेत जाऊन यादीत नाव चालू आहे का ते. तिथे बंद दिसलं तर कारण बहुतेक वेळा हयातीचा दाखला न दिल्याचं निघतं. वर्षातून एकदा माणूस जिवंत असल्याचं दाखवावं लागतं, कुठल्या महिन्यात ते आपल्या तहसीलला विचारून भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवा. मुलाकडे पुण्या-मुंबईला गेलेल्या म्हाताऱ्या हमखास यात सापडतात. एका आजीला पडताळणी यादीत ‘मयत’ दाखवलं होतं. ती स्वतः शाखेत उभी राहून म्हणाली, “मग मी कोण बोलतेय?” तरी तलाठ्याचा अहवाल लागलाच.

म्हाताऱ्यांचे अंगठे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. दहाही बोटं करून बघायला लावा, मग डोळ्याच्या बुबुळावरून. आदल्या रात्री हाताला तेल चोळून सकाळी साबणाने धुवून नेलं तर निम्म्यांचा ठसा उमटतो. हे कुठल्या परिपत्रकात नाही, आमच्या बँक मित्राचा शोध आहे.

६५ पूर्ण झाल्यावर संजय गांधीतलं नाव श्रावणबाळकडे वर्ग व्हायला हवं. ते आपोआप होईल, या भरवशावर राहू नका. वाढदिवसाच्या आधी दोन महिने शाखेत वयाचा पुरावा देऊन पोच घ्या.

लाभार्थी वारला तर तहसीलला लगेच कळवायचं. एटीएम कार्ड मुलाकडे असतं, पैसे येत राहतात, तो काढत राहतो, आणि वर्षाने वसुलीची नोटीस येते. श्रावणबाळचा पगार घेणारा म्हातारा गेला आणि मागे बायको असेल तर मृत्यू दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढून घ्या. एक तहसीलला त्याचं नाव कमी करायला, एक बँकेला, एक रेशन दुकानाच्या कामासाठी. उरलेल्या पिशवीत ठेवा. तेराव्यानंतर म्हातारीला घेऊन त्याच शाखेत जायचं असतं, आणि तिच्या अर्जाला पहिला कागद तोच लागतो.